दिनकर टेलर आणि मुंगसाच्या खांद्याचं ठिगळ

पेडण्याच्या बाजारात दिनकर पार्सेकरांचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. वय अठ्ठावन्न, गळ्यात टेप, कानावर खडू, चष्मा कपाळावर. गेल्या पस्तीस वर्षांत त्यांनी एकाही गिऱ्हाइकाचा चेहरा नीट बघितलेला नाही, असं त्यांची बायको चंद्रभागाकाकी म्हणते, आणि त्यात काही खोटं नाही. मला ते ओळखतात ते माझ्या डाव्या खांद्यावरून. तो उजव्यापेक्षा अर्धं बोट उतरता आहे. एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात मी त्यांना समोरून नमस्कार केला, तर ते परक्यासारखे बघत राहिले. मी वळून चालायला लागले तेव्हा मागून आवाज आला, "अरे, टीचर तुम्ही काय?"

पिक्चर ते बघत नसत. लग्न झाल्यावर एकदाच काकीला घेऊन गेले होते. त्यात नायिका घरातून निघाली ती कोपरापर्यंतच्या बाहीत आणि अंगणात पोचली ती तीन बोटं आखूड बाहीत. काकांनी हे शेजारच्या चार माणसांना दाखवून दिलं आणि मध्यंतरात उठून घरी आले. काकी मात्र शेवटपर्यंत बसली आणि एकटीच परत आली. त्यानंतर दोघांनी पिक्चरचा विषय काढला नाही.

अशा माणसाकडे गेल्या मार्चमध्ये साईश आणि गौरवी आले. मी तेव्हा दुकानात होते, कारण माझा पिवळा ब्लाउज 'उद्या' मिळणार होता आणि हा तिसरा उद्या होता. साईश मोपाच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी काम करतो. गौरवी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. दोघंही 'मुंगूसप्रेमी मंडळ, पेडणे' या व्हॉट्सअॅप ग्रुपचे अॅडमिन, आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही.

मुंगूस कोण ते सांगते, कारण मलाही त्या दिवशीच कळलं. दिवसा पोस्टात काम करणारा आणि गरज पडली की चॉकलेटी कपडे घालून गुंडांवर झेप घेणारा हा सिनेमातला वीर. त्याचे तीन पिक्चर येऊन गेले होते. तिन्हीत तो हसायचा, नाचायचा आणि मारामारी संपली की केळी खायचा. आता चौथा येणार होता, आणि नव्या दिग्दर्शकानं जाहीर केलं होतं की हा मुंगूस हसणार नाही. त्याचे कपडे फाटलेले असतील, अंगावर चिखल असेल आणि केळं एकही नसेल.

मंडळाला पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला अकरा जणांनी मुंगसाच्या वेषात जायचं होतं. ते कपडे काकांनी शिवायचे होते.

"कपडे फाटके व्हये, काका," साईश म्हणाला. "नवीन मुंगूस डार्क आसा. वास्तवातलो."

"वास्तवातलो मुंगूस झुडपात आसता," गौरवी म्हणाली. "माणूस मुंगूस होतो हे एकदा मान्य केलं की मग हसायला काय हरकत आहे?"

"पोस्टातलो माणूस रोज मार खाता, तो हसतलो कसो?"

"आमच्या पोस्टातले हसतात."

काकांनी खडू कानावरून काढला. "मी अकरा कपडे शिवतलंय आणि मगे फाडतलंय?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांना आतून लागलेला दिसत होता. शिवलेला कपडा मुद्दाम फाडायचा ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात कधी आली नव्हती. साईशनं त्यांची समजूत काढायला मोबाइल पुढे केला आणि ट्रेलर लावला.

ट्रेलरमध्ये पाऊस, काळोख, एक खाण, आणि दगडावर बसलेला मुंगूस. डाव्या खांद्यावर मोठं ठिगळ. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"थांबव. जरा फाटी घे."

साईशनं मागे घेतलं.

"मोठा कर. खांदो दाखव."

खांदा मोठा झाला. काका इतके वाकले की त्यांचं नाक मोबाइलला लागलं आणि ट्रेलर पुढे सरकला. पुन्हा मागे घ्यावा लागला.

"ह्या ठिगळ डावऱ्या माणसान लावल्यान," काका म्हणाले.

काकांनी खाकी कागदावर खडूनं दोन रेघा ओढून दाखवल्या. उजव्या हातानं शिवणाऱ्याचा टाका एका बाजूला कलतो, डावऱ्याचा दुसऱ्या बाजूला. शिवाय गाठ कुठल्या टोकाला पडलीय ते बघा. "मुंगूस उजवो. मगाशी तेना दगड उजव्या हातान मारल्यान. म्हणजे ठिगळ तेना स्वता लावूक नाय. माका पिक्चरातला काय कळत नाय. टाको कळता."

गौरवीच्या हातातली पिशवी खाली पडली. "फुरसे डावरा आहे," ती म्हणाली.

डॉक्टर फुरसे हा या चौथ्या पिक्चरचा खलनायक. ट्रेलरमध्ये तो एका कागदावर सही करतो, ती डाव्या हातानं. म्हणजे ज्याच्याशी मुंगूस लढणार, त्यानंच कधीतरी जवळ बसून त्याचं फाटकं शिवलं होतं. शत्रूचं असं कोण शिवतं? साईश हळूच म्हणाला, "थोरलो भाऊ." गौरवीच्या डोळ्यांत पाणी आलं. साईशला ते भयंकर डार्क वाटलं आणि गौरवीला भयंकर हळवं, त्यामुळे मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. त्यांनी काकांना पुन्हा सगळं सांगायला लावलं, गौरवीनं त्याचा व्हिडिओ काढला, आणि संध्याकाळपर्यंत तो कुठल्या कुठे गेला.

मग काकांचे दिवस पालटले. मयेहून सिद्धेश नावाचा इसम दिचोलीच्या चाहत्यांचं शिष्टमंडळ घेऊन आला. त्यांच्याकडे नवं पोस्टर होतं. काकांनी पाच मिनिटं पोस्टर न्याहाळलं आणि निकाल दिला, की पॅंट कमरेला दोन बोटं उसवून वाढवलीय, म्हणजे मुंगूस मधल्या काळात दुःखी होता आणि बसून जेवत होता. दिचोलीकरांनी हे लिहून घेतलं. कोणीतरी फुरसेच्या कोटाचा फोटो पाठवला. काका म्हणाले, काखेत घट्ट आहे, हा माणूस हात वर करून मारामारी करू शकणार नाही, विष वापरील. मोरजीच्या ज्या रशियन बाया कपडे आल्टर करायला यायच्या, त्यांनाही काका खुणेनं मुंगसाचा खांदा समजावून सांगायला लागले. त्या मान डोलवायच्या.

काकी मागच्या खोलीत बटणं लावत बसायची. ती एकदा मला म्हणाली, "टीचर, पस्तीस वर्षांत ह्यांनी माका पिक्चर दाखवूक नाय. आता रोज एकच दोन मिनिटांचो दाखवतत."

माझा ब्लाउज अखेर एप्रिलात मिळाला. त्याच्या डाव्या खांद्याला आत एक छोटं ठिगळ होतं. काका म्हणाले, सवयीनं लागलं.

पिक्चरला दोन आठवडे राहिले असताना एका रविवारी दुकानात एक पाहुणा आला. पन्नाशीचा, बारीक, हातात रेक्झिनची बॅग. मी माझ्या चुलत बहिणीला, संजनाला, मापं द्यायला आणलं होतं, आणि साईश, गौरवी आपले कपडे अंगावर घालून बघत होते.

"दिनकर टेलर तुम्हीच का हो?" पाहुणा म्हणाला. "मी सुधीर. बेळगावकडचा. ते ठिगळ माझं आहे."

कोणाला काही कळेना. तो स्टुलावर बसला आणि पाणी पिऊन सांगायला लागला. तो सिनेमाच्या कपडेपटात शिंपी होता. खाणीतल्या शूटिंगला हिरो दगडावरून घसरला आणि खांदा टरकन फाटला. दुसरा कपडा धुवायला गेलेला. दिग्दर्शक ओरडत होता. सुधीरनं हिरोला तसाच बसवला आणि उभ्या उभ्या दहा मिनिटांत ठिगळ मारलं. सुधीर डावरा होता.

"फुरसेचा काय संबंध नाही बघा," तो म्हणाला. "पण बावीस वर्षं हे काम करालोय. माझा टाका आजवर कुणी बघितला नव्हता. तुमचा व्हिडिओ माझ्या पोरीनं दाखवला. म्हटलं, एकदा जाऊन यावं."

काकांनी त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि बोटं बघितली. मग म्हणाले, "गाठ वरसून कित्याक मारलंस?"

"आतनं मारायला हिरोचं अंग मधी होतं."

"दोऱ्याक मेण लावूक होया होता."

"पाऊस होता ओ. मेण कुठलं?"

पुढचा पाऊण तास दोघं दोऱ्यावर बोलत होते. काकीनं सुधीरला जेवायला बसवलं, तिसरी सोलकढी झाल्यावरच सोडलं आणि बसपर्यंत पोचवायला काका स्वतः गेले. परत आले ते वेगळेच. मग साईश आणि गौरवीला म्हणाले, "ग्रुपात सांगा. मी चुकलंय. भाऊ बिऊ काय नाय. तो सुधीर."

साईशनं मुंगसाचा मुखवटा डोक्यावर सरकवला. "काका, तो पिक्चरच्या कंपनीचो माणूस."

"तेचो हात बघलंय मी."

"रहस्य फुटलं म्हणान कंपनीनं डावरो टेलर शोधून धाडलो. मोठ्या पिक्चरात असं करतत."

"पण तेना फोटो दाखवल्यान, हिरोबरोबर."

"फोटो काय, आता कसलेय करतत."

काकांनी गौरवीकडे बघितलं. म्हणजे तिच्या कॉलरकडे. ती म्हणाली, "मला तो माणूस खरा वाटतो, काका. पण मला ते खरं नको आहे. भावानं शिवलेलं असेल तर मी हा पिक्चर न हसणाऱ्या मुंगसासकट बघायला तयार आहे."

काकांनी दुसरा व्हिडिओ काढायला लावला. मान खाली घालून, दोन्ही हात टेबलावर ठेवून, आपण चुकलो असं त्यांनी सांगितलं. त्याखाली तीनशे लोकांनी लिहिलं की बिचाऱ्या म्हाताऱ्यावर दबाव आणलाय. दिचोलीकरांनी त्यांच्या सुरक्षिततेसाठी दोन माणसं पाठवायची तयारी दाखवली. काका त्या आठवड्यात नीट जेवले नाहीत. "माका कोण चुकूकय देत नाय," ते काकीला म्हणाले.

पहिल्या दिवशी मिनिबस करून सगळे पर्वरीला गेले. अकरा मुंगूस, काका, काकी आणि मी. काका येत नव्हते, पण काकीनं नवी साडी नेसून आधीच बसमध्ये जागा धरली होती, त्यामुळे त्यांना यावं लागलं.

पिक्चर दोन तास चाळीस मिनिटांचा होता आणि त्यातली दोन तास तीस मिनिटं काळोख होता. जे दिसलं ते असं: मुंगसाची पोस्टातली नोकरी गेलेली, छप्पर गळतंय, शेजारी बोलत नाहीत. फुरसे त्याचा भाऊ नव्हता, लांबचा नातेवाईकही नव्हता. त्याला एक डोंगर कापून बंगले बांधायचे होते. विष त्यानं वापरलं नाही. थिएटर इतकं गंभीर झालं होतं की मक्याच्या लाह्या खाणाराही आवाज न करता चावत होता. तेवढ्यात पडद्यावर मुंगूस खाणीत शिरला, आणि काका आमच्या रांगेतून स्पष्ट आवाजात म्हणाले, "अजून फाटूक नाय, मगे ठिगळ खयसून इला?"

खरंच होतं. सुधीरनं सांगितलेला दगडावरून घसरायचा प्रसंग पुढे होता आणि ठिगळ आधीच खांद्यावर होतं. पुढच्या रांगेतला एक जण हसला. मग त्याची बायको. मग सगळं थिएटर हसायला लागलं, पडद्यावर मुंगूस चिखलात रडत असताना. काका कानकोंडे होऊन खाली सरकले. काकी म्हणाली, "बसा सरळ. साडी चुरगाळता."

बाहेर आल्यावर अकरा मुंगूस पार्किंगमध्ये भांडायला उभे राहिले. साईश सगळ्यात जास्त चिडलेला. त्याला डार्क हवं होतं, पण हे काळं होतं, आणि त्यात फरक आहे असं तो तीनतीनदा सांगत होता. "भाऊ नाय तर ह्या सगळ्याक अर्थ काय?" गौरवी मात्र खूश होती. तिचं म्हणणं, शेवटच्या दृश्यात मुंगूस हसला. साईश म्हणाला, काळोखात तुला काय दिसलं? दोन गट पडले. कोणी म्हणे हसला, कोणी म्हणे दात दुखत होता. मिनिबसच्या ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. शेवटी साईश काकांकडे वळला.

"काका, तुम्हीच सांगा."

"माका विचारू नुको. मी चुकतंय."

"तरी सांगा."

"तोंड मी बघूक नाय," काका म्हणाले. "कॉलर बघलंय. माणूस हसलो की कॉलर मागसून जरा उचलता. तेची उचलली."

साईशनं हे मान्य केलं. आता तो ग्रुपवर लिहितो, की दिग्दर्शकानं फसवलं पण मुंगूस हसला, कपड्यांचा पुरावा आहे. गौरवीनं सुधीरचा नंबर मिळवून त्याला मंडळाचा सन्माननीय सभासद केलं आहे. साईशला तो अजूनही कंपनीचा माणूस वाटतो, पण पाचव्या पिक्चरविषयी काही कळलं तर सांगा म्हणून तोच त्याला रोज गुड मॉर्निंग पाठवतो.

परतीच्या वाटेवर मी काका-काकींच्या मागच्या सीटवर होते. कोलवाळचा पूल गेल्यावर काका हळूच काकीला विचारत होते, "शेवटाक डोंगराचा काय झाला गो? मी बटणां बघत होतंय."

काकीनं पदर सावरला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पोस्टातली नोकरी, गळकं छप्पर, अबोल शेजारी, सगळं. पेडणं आलं तरी तिचं मध्यंतरापर्यंतच झालं होतं. तेव्हापासून दर महिन्याला एका सोमवारी दुकान बंद असतं. ती दोघं पिक्चरला जातात, काका कपडे बघतात, काकी गोष्ट बघते, आणि येताना बसमध्ये ती त्यांना पिक्चर सांगते.