पंचेचाळीस मीटर नारिंगी

दोर किती लांब घ्यायचा हे आम्ही शिलाईच्या दोऱ्याने मोजलं. मुलुंडच्या एका सोसायटीतल्या तीन जुन्या पर्जन्यवृक्षांच्या फांद्या उतरवायचं काम आम्हाला मिळालं होतं. त्यातल्या मोठ्या झाडाचं वरचं बेचकं बरोबर चौथ्या मजल्याच्या जिन्याच्या खिडकीसमोर येत होतं. नवऱ्याने त्या खिडकीतून माझं रीळ उलगडत खाली सोडलं, दोऱ्याच्या टोकाला वजन म्हणून एक नट बांधला होता. तो जमिनीला टेकल्यावर मी ओरडले, वरून त्याने दोरा तोडला. घरी येऊन मी तो टेपने मोजला आणि दुप्पट केला, कारण दोर फांदीवरून जाऊन परत खाली यायला हवा. त्यात गाठींचं धरलं, याहून उंच झाडं मिळतील म्हणून थोडं आणखी धरलं. पंचेचाळीस मीटर.

नवरा पूर्वी अंधेरीतल्या काचेच्या इमारती पुसायचा. दोराला लटकून, बाहेरून. सहा वर्षांनी त्याला काचेत स्वतःचंच तोंड बघायचा कंटाळा आला आणि तो झाडांकडे वळला. मी साकीनाक्याच्या एका युनिटमध्ये शर्टांच्या कॉलर शिवायचे. युनिट भिवंडीला हललं तेव्हा मी नवऱ्याबरोबर कामाला जायला लागले. तो वर चढतो, मी खाली असते. दोराचं खालचं टोक माझ्या हातात, गुंता होऊ द्यायचा नाही, तो सांगेल तसं ओढायचं, करवत वर पाठवायची, आणि कुणाला झाडाखाली येऊ द्यायचं नाही.

तोवर आम्ही एका मित्राचा दोर वापरत होतो. तो मित्र गोव्याला गेला आणि दोर घेऊन गेला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. दुसऱ्याच्या दोराने याआधी काय काय सोसलंय ते आपल्याला कुठे माहीत असतं? वर माझा माणूस असतो.

आईला फोनवर सांगितलं की आम्ही रोप घ्यायला चाललोय, तर ती म्हणाली, मग माझ्यासाठी पण मोगऱ्याचं एक आण. मी पोट धरून हसले. नवरा ही गोष्ट रिक्षात साकीनाक्यापर्यंत आठवून आठवून हसत होता. तसाही तो त्या दिवशी नुसता उडत होता. सकाळी सहालाच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. लग्नाला विहारात आला होता तेव्हाही इतका वेळेवर आला नव्हता.

दुकान म्हणजे एका गाळ्यातलं गोदाम. भिंतीभर दोरांची मोठाली रिळं, निळी, पांढरी, हिरवी, आणि एक नवा कोरा वास. मला थेट कापडबाजाराची आठवण झाली आणि माझेही हात शिवशिवायला लागले. दुकानदार म्हातारा होता, चष्मा कपाळावर. त्याने हिंदीत विचारलं, काय काम आहे? डोंगर की इमारत? झाड म्हटल्यावर त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि स्टूल सरकवून उठला.

पहिला दोर नवऱ्याने स्वतःच निवडला, पातळ, हलका, डोंगर चढणाऱ्यांचा. वर लोखंडी तुळईला हुक होता. पट्टा बांधून तो लटकला आणि वीतभर खाली आला. पाय हलवले की वरखाली व्हायला लागला, पाळण्यासारखा. त्याला मजा वाटली, पण दुकानदाराने मान हलवली. म्हणाला, हा ताणला जाणारा दोर आहे. डोंगरावरून पडणाऱ्याला झटका बसू नये म्हणून तसा केलेला. झाडावर तुम्ही दिवसभर चढणार, प्रत्येक वेळी आधी दोर ताणला जाणार आणि मग तुम्ही वर जाणार. दुपारपर्यंत हात गळून जातील.

मग त्याने कमी ताणले जाणारे, बारा मिलीमीटर जाडीचे दोर काढले. त्यातल्या हिरव्यावर नवऱ्याचा जीव जडला. दिसायला होताच तसा, गडद हिरवा, मधून काळी रेघ. तो खांद्यावर टाकून आरशात बघावं तसा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, नको.

"का गं? झकास आहे."

"झाडात तो मला दिसणार नाही. आणि तुझ्या हातात करवत असते. पानांत हिरवा दोर तुला तरी दिसेल का रे?"

त्याने दोराकडे बघितलं. मग हळूच दोर खांद्यावरून उतरवून ठेवला. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला की वीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या बायकोने दोर नाकारल्याचं पहिल्यांदा बघतोय, आणि कारण बरोबर आहे. मग त्याने थेट मलाच दाखवायला सुरुवात केली. नारिंगीत त्याच्याकडे दोन होते.

पहिला मी हातात घेतला. बाहेरची वीण छान बारीक होती. मी दोन्ही मुठींत धरून बाहेरचं कव्हर आतल्या गाभ्यावरून सरकवून बघितलं, तर ते चक्क सरकलं. पायजम्याच्या नेफ्यात नाडी सुटी फिरते ना, तसं. बोटांपाशी चुण्या पडल्या. हे चांगलं की वाईट मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की आतलं आणि बाहेरचं एकत्र धरत नसेल तर कॉलर फुगते आणि माल परत येतो. मी नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो ज्या छोट्या दोरीची गाठ मोठ्या दोराला मारून वर चढतो, ती गाठ बाहेरच्या कव्हरलाच आवळून धरते. त्याने चुण्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, कव्हर सरकलं की गाठीसकट मी खाली. दुकानदाराने तो दोर घेऊन पुन्हा सरकवून बघितला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि ते रीळ उचलून मागे नेऊन ठेवलं.

दुसरा नारिंगी मात्र घट्ट होता. कितीही जोर लावला तरी कव्हर जागचं हललं नाही. हातात भरत होता, तळव्याला काचत नव्हता. नवरा त्यावर लटकला, लहान दोरीची गाठ मारून वर चढला, थांबला. गाठीने धरलं. हाताने ती सैल केली, अलगद खाली आला. पुन्हा वर. पुन्हा खाली. चौथ्या वेळेला दुकानदार म्हणाला, अब छोड भी दो भाई.

घरी दहा बाय बाराची खोली, तिथे एवढा दोर उलगडणार कुठे? विहाराच्या हॉलमध्ये नेला. दोघं समोरासमोर बसलो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांखालून काढला, इंच न् इंच. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. एकीने विचारलं, एवढ्या मोठ्या नाडीचा पायजमा कुणाचा गं? मग त्याही रांगेत बसल्या आणि दोर सहा जणींच्या हातांतून गेला. कुठे गाठ नाही, कुठे मऊ जागा नाही.

सोमवारी मुलुंडला पोचलो तेव्हा वॉचमन नुकता गेट धूत होता. नवऱ्याने दोर बेचक्यातून टाकला, गाठी तपासल्या, दोनदा ओढून बघितलं, आणि चढला. हिरव्या पानांत ती नारिंगी रेघ मला शेवटपर्यंत दिसत होती. पहिल्यांदाच माझी मान दुखली तरी छातीत धडधडलं नाही. तासाभरात तीन वाळक्या फांद्या उतरल्या. तो खाली आला, पाणी प्यायला, आणि माझं तोंड बघून म्हणाला, "चढतेस?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले. सलवारवर त्याचा पट्टा चढवला, शेवटच्या भोकापर्यंत आवळला. त्याने एकेक बकल स्वतः ओढून बघितलं आणि दोराचं टोक हातात घेतलं. गाठ वर सरकव, बस, पाय उचल, पुन्हा सरकव. पहिल्या दहा फुटांना शिव्या आल्या. मग लय सापडली. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक आजी पोळी लाटत होत्या. मला बघून त्यांचं लाटणं हातात तसंच राहिलं. त्यांनी विचारलं, चहा घेणार का? मी म्हटलं, येताना.

पहिल्या बेचक्यात बसले. खोडाला हात लावला, गार होतं. सोळा वर्षं मी मान खाली घालून शिवलं होतं, आणि इथे चहूकडून पानं हलत होती, पलीकडे डोंगराची धार दिसत होती, आणि एक पोपट माझ्याकडे डोकं वाकडं करून बघत होता. मला इतकं हसू आलं की बेचकं हललं. खालून नवरा विचारत होता, दोर कसा आहे, काचतो का, गाठ धरते का. मी सांगितलं, मस्त आहे.

"मग ये आता. पुढची फांदी राहिलीय."

"थांब रे पाच मिनिटं," मी म्हटलं. आणि आणखी एक बेचकं वर गेले.