बंद पडलेल्या मालिकेचे पुढचे भाग

ती मालिका तेरा भागांची ठरली होती आणि सात भागांनंतर चॅनेलने बंद केली. आज ती कुणाला आठवत नाही. ओळखीच्या अमेरिकन लोकांना विचारून पाहिलं, त्यांतल्या एकानेही नाव ऐकलेलं नव्हतं. माझ्या आयुष्यात मात्र ती सहा वर्षं चालली.

मी तेव्हा पुण्याहून ओहायोतल्या डब्लिनमध्ये नवा आलो होतो. एका इन्शुरन्स कंपनीत निवृत्तिवेतनाचा हिशेब करणारा एक जुना प्रोग्राम होता. तो सांभाळायला दोन माणसं होती. एक मी आणि दुसरा पंचावन्नच्या आसपासचा एक अमेरिकन, ज्याने त्या प्रोग्रामचा अर्धा भाग स्वतः लिहिला होता. तो भराभर बदल करायचा आणि मी ते तपासायचो. जेवणाच्या टेबलावर बाकीचे कॉलेज फुटबॉलबद्दल बोलत. मला त्यातलं काही कळत नसे, आणि ह्याला ओहायोत जन्मूनही फुटबॉल आवडत नसे. त्यामुळे आम्ही दोघं टेबलाच्या एका टोकाला गप्प बसून जेवत असू.

एके दिवशी तो म्हणाला, "मंगळवारी साडेआठला टीव्ही लाव. आपल्या दोघांवर मालिका काढलीय."

मालिका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या दोन भागीदारांची होती. एक जाड्या, मोठ्या आवाजाचा. दुसरा बारक्या, प्रत्येक स्क्रू दोनदा तपासणारा. दोघांत मिळून एकच गाडी. दर आठवड्याला कुणीतरी लिफ्टमध्ये अडकायचं, आत ते माणूस ओरडायचं आणि बाहेर हे दोघं भलत्याच विषयावर भांडायचे. कुठे हसायचं ते टीव्हीवरच्या हशामुळे कळे. का हसायचं ते मला बुधवारी जेवताना कळे. तो एकेक विनोद उलगडून सांगायचा आणि मी एक दिवस उशिरा हसायचो. बायको म्हणायची, "तुझ्या त्या लिफ्टवाल्याने काय शिकवलं आज?" तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव लिफ्टवालाच पडलं.

सातव्या भागात गाडीचं पुढचं चाक निघालं आणि जाड्याने जॅक आधीच कुणाला तरी उसना दिलेला. गाडी तशीच विटांवर उभी, इथे भाग संपला.

पुढच्या मंगळवारी साडेआठला त्या जागी पाककृतींची स्पर्धा होती. मला वाटलं, एखादा आठवडा सुट्टी असेल. पण बुधवारी लिफ्टवाला डबा उघडताच म्हणाला, "काल बघितलंस? हॉस्पिटलची लिफ्ट! सर्जन आत, पेशंट बाहेर!" आणि त्याने सगळा भाग रंगवून सांगितला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. टीव्हीवर पाककृती, बुधवारी नवा भाग. मी सगळी चॅनेलं क्रमाने तपासली. आपल्या केबल पॅकेजमध्ये ते चॅनेल राहिलं नसेल, अशी माझी खात्री झाली आणि वरचं पॅकेज घ्यायला मी केबल कंपनीला फोन लावला.

फोनवरची मुलगी बराच वेळ शोधत होती. मग म्हणाली, "सर, ती मालिका कॅन्सल झालीय. आता ती कुठल्याच पॅकेजमध्ये नाही."

मी फोन ठेवला. बायकोला सांगितलं, तर ती हसत सुटली. "अरे, तो तुझी फिरकी घेतोय! आणि तू पॅकेज बदलायला निघालास!"

फिरकी घेतोय हे खरं. पण मला राग आला नाही. माझ्या मनात वेगळाच मुद्दा आला होता आणि तो मी बुधवारपर्यंत धरून ठेवला.

बुधवारी त्याने विचारलं, "काल बघितलंस?"

"बघितलं," मी म्हटलं. "पण त्या हॉस्पिटलच्या भागात चूक आहे. ती गाडी तिथे असणं शक्य नाही. आदल्या भागात तिला चाक नव्हतं."

त्याने सँडविच खाली ठेवलं. माझ्याकडे नीट पाहिलं. मला सगळं कळलंय हे त्याला तेव्हाच कळलं.

"ढकलत नेली," तो गंभीरपणे म्हणाला. "ते दाखवलं, तू नेमका पाणी प्यायला उठला असशील."

तिथून आमचं सुरू झालं. दर बुधवारी तो भाग सांगायचा आणि मी तपासायचो. बारक्याच्या बहिणीचं लग्न दोनदा झालं, हे मी पकडलं. जाड्याच्या कुत्र्याचं वय कमी होत चाललंय, हेही. तो म्हणायचा, "तू प्रोग्राम तपासतोस ते ठीक आहे, माझा कुत्रासुद्धा तपासणार?" भाग खोटे आहेत असं आम्ही दोघांनी एकदाही तोंडाने म्हटलं नाही. एक नवीन आलेली बाई आमचं ऐकून ती मालिका शोधायला लागली, तेव्हाही नाही. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तो हळूहळू स्वतःच्या सँडविचवर घ्यायला लागला. "हे पीनट बटरच आहे," म्हणायचा, "फक्त शाळा शिकलेलं."

एका वर्षी माझे वडील आजारी पडले. माझी व्हिसाची कागदपत्रं अशा टप्प्यावर होती, की भारतात गेलो असतो तर परत कधी येता आलं असतं ते सांगता येत नव्हतं. बायको-मुलगी इथे, वडील तिथे. मी ऑफिसात कुणाला काही सांगितलं नाही, पण फोन घ्यायला सारखा जिन्यात जात होतो. त्या बुधवारच्या भागात बारक्या स्वतःच लिफ्टमध्ये अडकला. जाड्याला दार उघडता येईना. मग तो बाहेर जमिनीवर बसून राहिला, एवढंच. भागभर बसून राहिला. त्यात एकही विनोद नव्हता आणि मीही काही चूक काढली नाही. वडील पुढे बरे झाले.

मग कंपनीने नवी सिस्टिम आणायचं ठरवलं. जुना प्रोग्राम बंद झाल्यावर दोन माणसांचं काम उरणार नव्हतं. सोमवारी सकाळी मॅनेजरने आम्हाला वेगवेगळं बोलावून सांगितलं, की दोघांपैकी एकालाच ठेवता येईल. माझं ग्रीन कार्ड अजून रांगेत होतं. नोकरी गेली तर दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. मुलगी इथल्या शाळेत चौथीत होती. त्याची बाजूही मला दिसत होती. साठी ओलांडलेला माणूस, दुसरीकडे कोण घेणार? घरी मी एका कागदावर दोन्ही बाजू मांडायला घेतल्या आणि अर्ध्यात सोडून दिल्या. ज्या गणितात एका बाजूला आपण आणि दुसऱ्या बाजूला मित्र असतो, त्याचं उत्तर बरोबर आलं तरी उपयोग नसतो.

मंगळवारभर आम्ही दोघं फक्त कामाचं बोललो. बुधवारी डबे उघडले.

"काल बघितलंस?" तो म्हणाला.

"नाही. काय झालं?"

"जाड्याने गाडीची किल्ली बारक्याला दिली. म्हणाला, धंदा आता तुझा. मी चाललो तळ्याकाठी राहायला. एक होडीसुद्धा बघून ठेवलीय."

"शक्य नाही," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच.

"का?"

"जाड्याला पाण्याची भीती आहे. तिसऱ्या भागात लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं. तो खाली उतरला नाही. बारक्या उतरला."

तो थोडा वेळ चावत राहिला. "माणसं बदलतात."

"सहा वर्षांत बदलला नाही आणि एका आठवड्यात बदलतो? प्रेक्षकांना पटणार नाही."

"कुठले प्रेक्षक?" तो म्हणाला.

सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने नियम मोडला होता.

"बरं, होडी काढून टाकू," तो म्हणाला. "तळंही नको. कुठेतरी कोरड्या जागी जाईल. पण किल्ली दिली ती दिली. तो सीन शूट झालाय."

"कधी?"

"सोमवारी दुपारी."

म्हणजे सोमवारी सकाळी त्याला कळलं आणि दुपारी तो मॅनेजरला आपलं नाव देऊन मोकळा झाला होता. मी विचारलं, "आणि तुझा हेल्थ इन्शुरन्स?"

"बायकोच्या शाळेकडून आहे. माझा गुडघा गेलाय. नातवंडं केंटकीत आहेत. आणि तुझं ग्रीन कार्ड कितव्या नंबरवर आहे ते मला पाठ आहे, पार्टनर. दर महिन्याला ऐकतोय."

"बारक्याने किल्ली घेतली का?"

"ते अजून दाखवलं नाही. पुढच्या बुधवारी तू सांग."

मी आजवर एकही भाग रचला नव्हता. माझं काम तपासायचं. आठवडाभर मला सुचेना. शेवटी बायकोला विचारलं.

"घ्यावी की किल्ली," ती म्हणाली. "आणि थँक यू म्हणावं."

"त्या मालिकेत कुणी थँक यू म्हणत नाही."

"म्हणूनच बंद पडली ती."

बुधवारी मी सांगितलं, "बारक्याने किल्ली घेतली. गाडीच्या दारावर दोघांची नावं होती, ती त्याने पुसली नाहीत. फोन आला की तो अजूनही 'आम्ही येतो' असंच म्हणतो. भाग संपला."

"विनोद कुठे होता?"

"नव्हता."

"मग तूच लिहिलेला दिसतो," लिफ्टवाला म्हणाला आणि माझ्या डब्यातली सगळी चटणी स्वतःकडे ओढून घेतली.

तो गेला. माझं ग्रीन कार्ड आलं. मुलगी आता कॉलेजात आहे. मी अजून डब्लिनमध्येच राहतो आणि आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो, त्यामुळे बुधवारी बहुधा एकटाच जेवतो. त्याचा ख्रिसमसला फोन येतो, माझा दिवाळीला जातो. त्या बोलण्यात आम्ही मालिका कधी काढली नव्हती.

गेल्या महिन्यात मुलीने इंटरनेटवर ते सातही भाग शोधून काढले. कुणीतरी जुन्या रेकॉर्डिंगवरून टाकले होते, चित्र जरा हलतं. आम्ही तिघं बघायला बसलो. मुलगी म्हणाली, "बाबा, इट्स नॉट दॅट फनी." खरं आहे. मी तरी हसत होतो, आणि आता एक दिवस उशिरा नाही.

तिसरा भाग लागला. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी. आणि गमबूट चढवून, गाणं म्हणत खाली उतरला तो जाड्या. पाण्याला घाबरून वर उभा होता तो बारक्या.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी भाग मागे घेऊन पुन्हा लावला. तेच दिसलं.

मी बुधवारी दुपारी केंटकीला फोन लावला. त्याला आता कमी ऐकू येतं, त्यामुळे तिसरा भाग मला मोठ्याने सांगावा लागला. "जाड्याला पाण्याची भीती नव्हती! मी उलट धरून बसलो होतो! तू तळ्याकाठी जाऊ शकला असतास!"

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "पण तू इतका चिडला होतास. होडी तुला देऊन टाकली."

मग म्हणाला, "गाडी कशी चालतेय?"

मी जरा विचार केला. "चाक बसवलेलं आपण कधी दाखवलंच नाही. ढकलतोय अजून."

"आणि तू सहा वर्षांत ही चूक पकडली नाहीस?" तो इतका हसला, की त्याला ठसका लागला. "एकटाच ढकलतोस?"

"सध्या एकटाच."

"मग चढ आला की जरा थांबत जा," तो म्हणाला. त्याला बोलवेना, म्हणून फोन त्याच्या बायकोने घेतला. म्हणाली, तुमच्या त्या शेंगदाण्याच्या चटणीत लसूण आधी घालायचा की नंतर, हा रोज मला चुकीचं सांगतो. मी तिला नीट क्रमाने सांगितलं आणि एकदा परत म्हणून दाखवायला लावलं.