कुशाबाईची ऋषिपंचमी

कन्हेरीच्या कुशाबाईनं लग्न होऊन आल्यापासून ऋषिपंचमी कधी चुकवली नव्हती. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून विहिरीजवळचा तुकडा ती स्वतः कुदळीनं खणायची आणि तिथं अळू, दोडका, काकडी लावायची. मळ्यातली वांगी बारामतीच्या बाजाराला जायची. या तुकड्यातलं पानही ती विकत नसे.

व्रताची कहाणी मात्र तिला अर्धीच पटायची. विटाळात घरात वावरली म्हणून एक बाई पुढच्या जन्मी कुत्री झाली, असं पोथीत होतं.

सत्तावन्न साली पंचमीच्या तोंडावर तिची सून रतन मागच्या पडवीत बाहेर बसली होती. पाऊस तिरपा आत येत होता. रतन तापानं फणफणली, तसं कुशाबाईनं तिला हाताला धरून घरात आणलं, चुलीपाशी निजवलं आणि पेज पाजली.

देवळात पोथी वाचणाऱ्या सावळारामतात्यांच्या कानावर हे गेलं. पंचमीला बायका कहाणीला जमल्या, तेव्हा त्यांनी तिला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं की पोथी मानायची तर सगळी. तुझं व्रत मोडलं. घरी आली, तर माळेगावच्या कारखान्यात फिटर असलेला दीर मोहनराव निराळंच सांगू लागला. विटाळ सोडला ते चांगलं झालं, आता व्रतही सोडून द्या, धरायचं तर सगळं नाहीतर काहीच नको.

कुशाबाईला हसू आलं. “भावजी, तात्या आन् तुमी एकच सांगताय की. बैलाला बी जीव हाय, हे मला पोथीनंच दावलं. ते पटलं, धरलं. तापल्या पोरीला पावसात ठिवनं पटलं न्हाय, सोडलं.”

“पर वैनी, खरं कुठलं ते ठरवायचं कुनी?”

तिनं पान वाढायला घेतलं. “माझं चुकंल बी. पर मग ते माझं मी चुकंन.”

मोहनराव पानावर बसला आणि अळूची भाजी त्यानं दोनदा मागून घेतली.

पुढच्या वर्षी तात्यांनी कहाणी अक्षर न गाळता वाचली. कुशाबाईनंही हात जोडून ती सबंध ऐकली, आणि तात्यांनी तिच्या हातावर प्रसाद ठेवला. त्या घरात नंतर कुणी बाहेर बसलं नाही. पडवीत कांदे पसरले जाऊ लागले. रतननं व्रत कधीच धरलं नाही, सासूनंही तिला भरीस घातलं नाही. तुकडा खणायला मात्र दोघी बरोबरच उतरत, आणि त्यांच्या गप्पा बांधापलीकडं ऐकू जात.