वाक्य बरोबर आहे, सर

गर्जे सर गेल्याचं मला जुन्या वर्गाच्या ग्रुपवर कळलं. कुणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं, आणि सांगायला लाज वाटते, पण मला आधी त्या वाक्यातली चूक दिसली. मग अर्थ डोक्यात शिरला. ही खोड सरांनीच लावलेली...

शेवगावात त्यांनी आम्हाला इंग्रजी शिकवलं. रिटायर झाल्यावर तर दुकानाच्या पाटीपासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत सगळी वाक्यं त्यांच्याकडे तपासायला यायची. एकदा आई दवाखान्यात होती म्हणून मी रजेचा अर्ज लिहून त्यांना दाखवला. एका शब्दावर खूण करून त्यांनी तो परत दिला, आई कशी आहे हे विचारलंच नाही. मी चिडले, तर वर म्हणाले, "तू वाक्य तपासायला दिलं होतंस ना?" तेव्हापासून आमच्यात तशी रीतच पडली. वाक्य तपासायचं, आत काय लिहिलंय त्याच्याशी देणंघेणं नाही.

पुढे मी सोनईच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले आणि सर उलट मलाच वाक्यं पाठवू लागले. हल्ली असं बोलतात का, बघ म्हणायचे. मी मनातून फुशारून जायचे. दिवाळीनंतर त्यांचा मेसेज आला, 'आय ॲम नॉट कीपिंग वेल दीज डेज.' खाली नेहमीसारखं, बरोबर आहे का? मी तासाला निघाले होते. 'बरोबर आहे, सर,' लिहिलं आणि अंगठ्याचं चित्रही टाकलं.

महिन्याभरात सर गेले. दहाव्याला सरांच्या बायकोजवळ, काकूंजवळ बसले होते. त्या म्हणाल्या, "तुला कळवलं हाय म्हनत हुते. लई वाट बघितली तुजी."

तो मेसेज मी दिवसातून दहादा उघडते आणि बंद करते. स्वतःचा राग येतो. खोटं कशाला बोलू, सरांचाही येतो. एक फोन करून मराठीत सांगायला काय झालं होतं?

आता कुणाचं वाक्य आलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. परवा नववीतल्या एका मुलीनं पाठवलं, 'आय विल नॉट कम टुमारो.' मी तडक फोन लावला. काय झालं, बरी आहेस ना, घरी सगळे ठीक आहेत ना, एकामागून एक विचारत सुटले. ती पोर गोंधळून गेली.

"मावशीचं लगीन हाय, मॅडम," ती हळूच म्हणाली. "वाक्य चुकलं का?"