आम्ही वणीला गेलो होतो, एवढंच सांगितलं

"फॅल्सिपेरम मलेरिया आहे, मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार," आयसीयूच्या दारात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेशंट अलीकडे आफ्रिकेत जाऊन आलेत का?"

"तो तिथेच असतो. मोझांबिकला नोकरी आहे. सुट्टीवर घरी आलाय."

"मग हे आधी कुणाला सांगितलं नाहीत?"

माझं डोकंच फिरलं. आधी विचारलं कुणी होतं?

म्हणजे एकदा विचारलं होतं. माझा मुलगा प्रशांत आला आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही वणीला देवीच्या दर्शनाला गेलो. लांबून माणूस सुखरूप आला की आमच्यात आधी गडावर जातात. परतल्यावर त्याला हुडहुडी भरून ताप आला. नाशिक रोडच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "बाहेर कुठे गेला होतात?" मी म्हटलं, वणीला. मोझांबिकहून तो घरी आला होता. त्याला मी बाहेर जाणं कसं म्हणणार? त्यांनी अजून एक प्रश्न विचारला असता तर काय बिघडलं असतं!

डेंगीची टेस्ट निगेटिव्ह आली. पण प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी निघाल्या. सीझन डेंगीचाच आहे म्हणून सलाइन लावून डेंगीचेच उपचार चालू राहिले. प्लेटलेट्स मलेरियातही उतरतात हे मला नंतर कळलं. डॉक्टरांना तर आधीच माहीत असायला हवं होतं.

मग प्रशांत असंबद्ध बोलायला लागला. एका सकाळी त्याने मला ओळखलं नाही. तेव्हा कुठे मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. तिथे पेरिफेरल स्मिअर केला, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली पाहिला. एवढीशी तपासणी! परोपजीवी जंतू तांबड्या पेशींत भरलेले होते. "मेंदूपर्यंत पोचलाय," बाई म्हणाल्या. "आज रात्र महत्त्वाची आहे." त्यांनी आर्टेसुनेटची इंजेक्शनं लगेच सुरू केली.

मी बाहेरच्या बाकावर बसले होते. फोनवर सोसायटीचा ग्रुप वाजत होता. प्रशांतला ताप आल्याचं कळल्यापासून तिथे एकच विषय होता. शेजारच्या बांधकामावरचे बिहारी मजूर आजार पसरवतात, त्यांच्या शेड हलवा, असं सेक्रेटरींनी बिल्डरला बजावलं होतं. महापालिकेच्या लोकांनी त्या मजुरांचं रक्त तपासलं, काहीच निघालं नाही. तरी शेड उठल्याच. त्या मेसेजखाली पसंतीच्या अंगठ्यांची रांग लागली होती. मी तिथूनच लिहिलं की मलेरिया माझ्या मुलाबरोबर विमानाने आलाय.

प्रशांत वाचला. त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. तुमच्या घरातलं कुणी परदेशातून आलं आणि ताप भरला, तर विचारण्याची वाट बघू नका. देशाचं नाव आधी सांगा, डॉक्टर घाईत असले तरी सांगा.

घरी आल्यावर सेक्रेटरी सफरचंदं घेऊन भेटायला आले. म्हणाले, "ते लोक वेळेत गेले ते बरं झालं, वहिनी."

माझा पारा चढला. "आजार त्यांनी आणलाच नव्हता. आमच्या घरातून आला. मग आम्हालाही काढा की सोसायटीतून."

"काहीतरीच काय! प्रशांत आपला आहे."

प्रशांत भिंतीला टेकून बसला होता. आवाज अजून खोल गेलेला. तो म्हणाला, "काका, तिकडे जुलाबाची साथ आली की लोक आमच्या क्वार्टरबाहेर जमतात. म्हणतात, या इंडियन लोकांनी आणली, हाकला यांना."