दहा माणसं जमली की

‘देवाची वेळ’ हे शब्द ऐकले की मी आजही उठून बाहेर जातो. उभा जन्म प्रचारक म्हणून काढलेल्या माणसानं असं लिहू नये म्हणतात. मी लिहिणार.

कन्नड तालुक्यातल्या खेड्यांत मी येशूचं शुभवर्तमान सांगत फिरायचो. पोरांना शिकवायचो, आजाऱ्यांपाशी प्रार्थना करायचो. पण बाप्तिस्मा द्यायचा तो दीक्षा झालेल्या पाळकानंच. आमचे पाळकसाहेब औरंगाबादला राहायचे आणि त्यांचा एक नेम होता: दहा माणसं तयार झाल्याशिवाय ते खेड्यात पाऊल टाकत नसत. एकट्यादुकट्यासाठी जीप कशाला काढायची? शिवाय दहाजण रांगेत उभे केले की फोटोही बरा येतो.

घाटाजवळच्या एका वस्तीवर एक म्हातारी होती. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली विधवा झालेली, मागंपुढं कोणी नाही. प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, सगळं तिला तोंडपाठ. तिला फक्त बाप्तिस्मा हवा होता. मी माणसं जमवायचो. सात व्हायची, आठ व्हायची, तोवर कुणी ऊसतोडीला जायचं, कुणाला भावकी दम भरायची. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. चार वर्षं हेच चाललं. ती विचारायची, “मास्तर, सायेब कवा येणार?” आणि मी पोपटासारखा म्हणायचो, “आजी, धीर धरा. देवाची वेळ यायचीय.”

एकदा ती म्हणाली, “येशूच्या गोष्टीतल्या त्या मेंढपाळानं हरवलेल्या एका मेंढरापायी नव्व्याण्णव सोडली म्हणता. मग मी एकटी पुरत नाय व्हय?”

मी विषय बदलला. माझं स्वतःचं नाव तेव्हा पाळकाच्या दीक्षेसाठी मंडळीच्या कमिटीपुढं होतं आणि कमिटीचे अध्यक्ष हेच साहेब. त्यांना टोकायची माझी छाती नव्हती. आपल्या भित्रेपणाला मी खुशाल धीर म्हणत होतो.

त्या उन्हाळ्यात म्हातारी तापानं पडली. पाणीही घशाखाली उतरेना. मी सकाळची एसटी धरून साहेबांकडं गेलो. ते जेवायला बसले होते, ताटात आमरस. माझं सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “किती झालेत?”

“आठ.”

“मग आणखी दोन बघा. देवाच्या वेळेआधी धावणारे आपण कोण?” आणि त्यांनी बोटं चाटली, एकेक करून. त्यानंतर कित्येक वर्षं मला आमरस गोड लागला नाही.

मरणाच्या दारातल्या माणसाला कोणीही विश्वासणारा बाप्तिस्मा देऊ शकतो, असा आमच्या मंडळीत नियम आहे. मी परत आलो आणि तिच्याच तांब्यातलं पाणी तीनदा तिच्या कपाळावर घातलं. आणि म्हातारी चक्क बरी झाली! आठवड्यात भाकरी थापायला लागली.

ही बातमी कळताच मात्र जीप आली. एकट्या म्हातारीसाठी. साहेबांनी मला ओट्यापाशी घेऊन सांगितलं, “ती मेली नाही, म्हणजे तुमचा बाप्तिस्मा घाईचा ठरला. आज माझ्या हातून पुन्हा होऊ द्या. तुमच्या दीक्षेचा कागद मी पुढं सरकवतो.”

मी होकारार्थी मान हलवली. साहेबांची किळस येणं सोपं होतं. त्या मान हलवण्याची किळस अजून माझ्या अंगावरून उतरलेली नाही.

म्हातारी ओट्यावरच बसली होती. म्हणाली, “परत कशापायी? देव बहिरा हाय का, एकदा सांगितलेलं ऐकू न यायला?” मग जीपकडं बघून म्हणाली, “आन् सायेब, आज तर धा मान्सं बी नायत. मग कसं येणं केलंत?”

जीप धुरळा उडवत गेली. माझा कागद त्यानंतर कधी हलला नाही; विचारलं की उत्तर यायचं, धीर धरा.

साहेब गेल्यावर तिनं मला भाकरी वाढली, वर पिठलं. पण त्या दिवशी एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. मी मान हलवलेली तिला दिसली होती.