चावीची पाळी

या तपासाबद्दल मला वरिष्ठांची शाबासकी मिळाली. पण तोच तपास आठवला की आजही माझी मलाच लाज वाटते.

मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यात एका निवृत्त गुरुजींनी जुन्या चावडीत संग्रहालय उभं केलं होतं. घरोघरी फिरून त्यांनी मोडी कागद, तलवारी, वीरगळ, एक ताम्रपट असं बरंच काही जमवलं. चावी दर महिन्याला पाळीनं वेगळ्या घरी असायची आणि या पाळीत सगळ्या समाजांची घरं होती. गावात दुसऱ्या कशातही असं घडत नव्हतं, म्हणून गुरुजींना त्याचा फार अभिमान.

ताम्रपट गेल्याची फिर्याद आली. कुलूप शाबूत. त्या महिन्यात चावी एका बौद्ध शेतमजुराकडे होती. पंचनाम्याला जमलेल्या लोकांनी त्याच्याकडेच बोट दाखवलं. गुरुजी म्हणाले, "साहेब, तो माणूस तसा न्हाई. आधी बाकीच्या घरी विचारा." मी कसला ऐकतोय! सगळ्या गावादेखत त्याला जीपमध्ये घातलं. दोन दिवस ठाण्यातल्या बाकावर बसवून तेच तेच विचारलं. तो एवढंच म्हणायचा, "चावी खुंटीलाच होती, साहेब."

तिसऱ्या दिवशी खबऱ्यानं उदगीरच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानाची टीप दिली. ताम्रपट तिथंच मिळाला. दुकानदारानं विकणाराही सांगितला. ज्या घरानं ताम्रपट दिला, त्याच घरातला पुतण्या! मागच्या महिन्यात पाळी त्यांच्याकडे असताना त्यानं बाजारात दुसरी चावी करून घेतली होती. वर मलाच म्हणाला, "आमच्याच घरची वस्तू हाय, चोरी कशाची?"

मजुराला सोडलं. तो एकटाच एसटीनं गावी गेला.

ताम्रपट मुद्देमाल म्हणून मालखान्यात अडकला. न्यायालयाचा हुकूम मिळाल्यावर मी तो स्वतः घेऊन गेलो, तर चावडीत फक्त वीरगळ उरलेले. बाकीचं ज्यानं त्यानं परत नेलं होतं. मजूर चावीला हात लावेना आणि त्याला वगळून पाळी पुढं न्यायला गुरुजी तयार नव्हते, म्हणून संग्रहालयच बंद पडलं होतं.

मी त्याच्या दारी गेलो. चुकलं म्हणालो, गुरुजींकडून आणलेली चावी पुढं केली. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, नेलं तवा अख्खं गाव बघत होतं. सोडलं तवा कोण होतं?"

उचलायला जीप गावात जाते, तशी सोडायलाही गेली पाहिजे, हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं. गुरुजी आता नाहीत. चावडीत खताची पोती ठेवतात.